आतली कडी

वसमत रोडला मुंदडांच्या दुकानात
दारं भिंतीला टेकून उभी, एकामागं एक.
मुंदडांचा पोरगा पानं उलटावीत तशी उलटून दाखवतो.
हे अक्रोडी. हे धुरकट.
हे पांढरं, मधोमध एक बारीक रेघ असलेलं, ते हल्ली फार चालतं.
"फ्लश डोअर आहे मॅडम. पंचवीस वर्षं बघायचं काम नाही."
पंचवीस वर्षांनी मी त्र्याहत्तरची.
बघायचं काम मलाही नसेल.

इकडं नव्या घरात खाजामिया चौकटींना टेप लावतात.
सात बाय तीन, सात बाय तीन, न्हाणीला अडीच,
कानावरची पेन्सिल काढून भिंतीवरच लिहितात,
आणि प्रत्येक मापातून दोन सूत वजा करतात.
"काली मिट्टी है बाई. बारिश में फूलती, गर्मी में फटती.
घर थोडा हिलताइच.
दरवाजे कू जगा होना."

न्हाणीला लाकूड नको, हे सगळ्यांनाच पटलं.
नळ आठव्या दिवशी येतो
आणि त्या दिवशी पाइप, ड्रम, कळश्या, आम्ही
सगळे त्याच दारातून आत-बाहेर.
पीव्हीसीचं एकच शिल्लक होतं,
त्यावर उडी मारणारा डॉल्फिन.
परभणीत.
असू दे म्हटलं, तोही बघेल वाट.

प्रांजलनं वहीचं पान फाडून लिहून दिलं होतं :
दार. कडी. आतून.
खाली सहीसुद्धा.
हे म्हणाले, तेरा वर्षांच्या पोरीला कडी कशाला?
मी लगेच काही बोलले नाही.
मला जिंतूरची आमची मधली खोली दिसत होती.
सातजणांत एक पडदा, आईच्या विटक्या लुगड्याचा,
त्याचा काठ मी पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरायची
आणि कपडे बदलायची.
पडद्यावर टकटक करता येत नाही.
येणाऱ्यानं खोकायचं असतं,
आणि सगळ्यांना खोकला येतोच असं नाही.
"पितळी लावा," मी खाजामियांना म्हटलं. "जाड बघून."

तात्यांच्या खोलीपाशी मात्र अडलं.
तीस वर्षं खांबावर चढलेला माणूस, लाईनमन,
गेल्या महिन्यात भाड्याच्या घरात
न्हाणीची कडी आतून लावून बसला.
तासभर.
कडी काढायला हाताचं काय करायचं असतं
तेवढंच आठवेना.
आम्ही दार वाजवतोय, आणि ते आतून धीर देतायत :
"थांबा, घाबरू नका. बाहेर कोण अडकलंय?"

तर आतून कडी नको.
"मग बाहेरून एक असू द्या," हे म्हणाले, "रात्रीपुरती.
उठून चालायला लागतात."
खाजामियांच्या हातातला स्क्रू फिरायचा थांबला.
"बाहर से?"
यांनी खिडकीकडं पाहिलं, मग फरशीकडं.
तेवढ्यात तात्याच आले.
दार पुढंमागं करून बघितलं, बिजागरीवर कान ठेवला,
विचारलं, "मेन स्विच बंद केलाय ना?"
"हौ तात्या," खाजामिया म्हणाले, "बंद है."
आणि कडीचा पुडा पिशवीत परत टाकला.
त्या दाराला आता नुसतं चुंबक आहे.
रात्री टक् वाजलं की आमच्यातलं कुणीतरी उठतं.
बहुतेक हेच.

स्वयंपाकघराला दार नाही. कमान आहे.
नकाशातच तशी होती, सगळ्यांना आवडली होती,
मलाही.

मोजण्यात कुणाचं तरी चुकलं,
एक दार जास्तीचं आलं.
पांढरं, मधोमध रेघ असलेलं.
ते जिन्याच्या भिंतीला तिरकं लावून ठेवलंय.
मुंदडांचा पोरगा सोमवारी नेतो म्हणाला.
भिंत आणि दार यांच्यामध्ये
एक पाट मावतो, आणि चहाचा कप,
आणि मी, गुडघे जवळ घेतले तर.
नव्या प्लायचा वास येतो. उजेड फक्त कडेनं.

काल प्रांजल गच्चीवर जाता जाता थांबली.
दारावर दोनदा टकटक केलं.
मी काही बोलले नाही.
ती वर गेली.